‘मरायला टेकलेलं जनावर घरी आणलंतच कशाला?’ : एका काकांना उत्तर

काका,

तुम्ही प्रतिक्रियेत वय ६८ लिहिलंत, म्हणून काका म्हणते. राग मानू नका.

आबावरच्या, म्हणजे आमच्या म्हाताऱ्या कुत्र्यावरच्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते मी गेल्या आठवड्यात तीनदा वाचलं. ज्यांच्या नजरेतून ते सुटलं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की, बारा वर्षांचं, मरायला टेकलेलं कुत्रं घरी आणणं म्हणजे दुःख विकत घेणं, आणि घरात नऊ वर्षांची मुलगी असताना तर तिच्यावर अन्यायच. तेवढ्या पैशांत रस्त्यावरची दहा पिल्लं जगली असती. आणि इंजेक्शन देऊन आबाचे भोग मध्येच तोडायचा मला अधिकार नव्हता. या सगळ्याच्या मध्ये एक छोटा प्रश्नही होता: ‘आणल्या आणल्या रक्त तपासलं होतं का?’

त्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. नव्हतं तपासलं.

आबा आमच्याकडे फेब्रुवारी २०२३ मध्ये आला. सातारा रस्त्यावरच्या एका ढाब्याबाहेर त्याला कुणीतरी खांबाला बांधून गेलं होतं. शेल्टरमध्ये दोन महिने होता, तिथल्या मुलांनीच त्याला आबा नाव ठेवलं. लॅब्रेडॉर, पण वजन फक्त २४ किलो. डॉक्टरांनी दात बघून अकरा-बारा वर्षांचा असेल म्हणून सांगितलं. डोळ्यांतली निळसर झाक मला मोतीबिंदू वाटली होती. ती मोतीबिंदू नाही, वयाने भिंगं घट्ट होतात त्याची ती झाक, त्याला दिसतंय, हेही त्यांनी समजावलं. रेबीजची लस झाली, जंताची गोळी झाली. रक्ताचं नंतर बघू, असं ते म्हणाले आणि मीही ‘बघू’ म्हटलं.

एप्रिलमध्ये तो पाणी जास्त प्यायला लागला. रात्री दोनदा खाली न्यावं लागायचं. पुण्याचा उन्हाळा, म्हातारं शरीर, होणारच, अशी मी स्वतःची समजूत घातली. पाच आठवडे अशी गेली. मे महिन्यात एक दिवस त्याने वाटीतला भात हुंगून तोंड फिरवलं, तेव्हा रक्त तपासलं. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी गाळून बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, ३.१. कुत्र्यांत ते साधारण १.४ च्या आत असायला हवं. मूत्रपिंडांचं दोन तृतीयांशाहून जास्त काम बंद पडेपर्यंत हा आकडा वाढतच नाही, हे मला त्या दिवशी कळलं. लघवीची घनता त्याआधीच उतरते, आणि ती तपासणी तर अगदी किरकोळ खर्चाची आहे. आहार पाच आठवडे आधी बदलला असता तर किती दिवस वाढले असते हे कुणी सांगू शकत नाही. पण ते पाच आठवडे माझ्या हातून गेले. लेखात मी ‘मे महिन्यात निदान झालं’ एवढंच लिहिलं होतं. लपवायचं म्हणून नव्हे, पण लिहिताना हात आखडला हे खरं.

तेव्हा जे कुणी वयस्क कुत्रं घरी आणताय त्यांना कळकळीने सांगते, पहिल्याच आठवड्यात रक्त, मूत्रपिंड, यकृत, लघवी आणि गोचीड-तापाची तपासणी करून घ्या. कुत्रं धडधाकट दिसलं तरी करा. खासगीत परवडत नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आहेत, मुंबईत परळला आहे, सातारा जिल्ह्यात शिरवळला आहे. आणि घरातली माणसांची गोळी कुत्र्याला देऊ नका. आयबुप्रोफेनसारख्या गोळीने चांगली मूत्रपिंडंही जातात, मग अशा कुत्र्याचं काय होईल?

आता पिल्लांचं. काका, ज्या शेल्टरमधून आबा आला तिथे पिल्लाचा फोटो टाकला की संध्याकाळपर्यंत फोन येतात. आबाच्या फोटोला दोन महिन्यांत एकही फोन आला नव्हता. आणि जनावर असं सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. त्याला पहिल्या वेळी दंड किती? कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. अकरा वर्षं ज्याच्या दारात राखण केली त्या माणसाला, सापडला असता तरी, पन्नास रुपये. पिल्लांसाठी ज्यांना करायचंय त्यांनी जरूर करावं, मी स्वतः आमच्या गल्लीतल्या तीन कुत्र्यांची नसबंदी करून घेतली आहे. पण आबाच्या वाटणीचं कुणीच करत नव्हतं.

तुम्ही म्हणता, दुःख विकत घेतलंत. त्या चौदा महिन्यांत आम्ही काय काय घेतलं ते सांगते. फरशीवर त्याचे मागचे पाय फाकायचे, म्हणून दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत रबरी पट्ट्यांची पायवाट केली. जेवणाचं भांडं पाटावर ठेवलं, मान वाकवायला नको म्हणून. मूत्रपिंडाच्या आजारात फॉस्फरस कमी हवा, तर अंड्याचा फक्त पांढरा भाग आणि भात, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापात. आणि एक दिवसाआड सलाईन. हे मी शिकले तेव्हा माझे हात थरथरत होते. पडद्याच्या दांडीला बाटली अडकवायची, त्याआधी ती कोमट पाण्यात बुडवून शेकून घ्यायची, म्हणजे अंगात गार जात नाही. दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलायची, तिचा तंबू झाला की त्याच्या तळाशी सुई. शिरेत नाही, कातडीखाली. अडीचशे मिली जाईपर्यंत तिथे वशिंडासारखा उंचवटा यायचा आणि रात्रीतून उतरून जायचा. पहिल्या दोन वेळा तो कण्हला. तिसऱ्या वेळेपासून बाटली अडकवताना बघितलं की स्वतःच येऊन सतरंजीवर बसायचा. मुलगी त्याच्या तोंडाशी बसून गोष्ट वाचायची. त्याला ऐकू येत नव्हतं, हे आम्हाला महिनाभरातच कळलं होतं आणि तिलाही माहीत होतं. तरी ती मोठ्याने वाचायची आणि तो तिच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून पडायचा. सहा महिन्यांनी त्याचं वजन २९ किलो झालं. नोव्हेंबरात तो एकदा टेकडीवर चक्क पळाला, दहा-बारा पावलंच असतील, एका कावळ्याच्या मागे.

हे मी दुःखाच्या खात्यात कसं लिहू?

मुलीचं मात्र तुम्ही काळजीने लिहिलंत, म्हणून तिथे घाई करत नाही. आणायच्या आधी तिला आम्ही स्पष्ट सांगितलं होतं की आबा म्हातारा आहे, तो आपल्याकडे थोडाच राहील. ‘किती?’ तिने विचारलं. माहीत नाही, म्हटलं. शेवटच्या आठवड्यात डॉक्टर ‘झोपवायचं’ असं म्हणत होते, सगळेच म्हणतात. आम्ही घरात तो शब्द वापरला नाही. झोपवलं आणि परत उठला नाही, असं पोराला सांगितलं तर ते स्वतः झोपायला घाबरतं. ‘आबा मरणार आहे, त्याला दुखू नये म्हणून डॉक्टर औषध देणार आहेत,’ असं सांगितलं. ती रडली, मग विचारलं, ‘मी थांबू का?’ गुंगीचं इंजेक्शन लागेपर्यंत ती थांबली, त्याचे कान कुरवाळले, आणि स्वतःहून खालच्या मजल्यावरच्या आजींकडे गेली. नंतर तीन आठवडे ती रात्री आमच्या खोलीत झोपली. तिला त्रास झाला नाही असं मी म्हणणार नाही. पण तिच्या पुढच्या आयुष्यात आजी-आजोबा आहेत, आम्ही आहोत. मरण तिला कधीतरी भेटणारच होतं. ते पहिल्यांदा भेटलं तेव्हा तिच्या हाताला काम होतं, कान कुरवाळायचं. मला हे बरं वाटतं. तुम्हाला पटणार नाही कदाचित.

आणि आता भोग.

हा शब्द मला परका नाही. माझी आजी शेवटचं वर्षभर अंथरुणावर होती, ‘काय भोग उरलेत कोण जाणे,’ म्हणायची. पण काका, भोगांत हात घालायचा नसेल तर सलाईनही घालायला नको होतं. मळमळीचं औषधही नको होतं. अकरा महिने आम्ही रोज हात घालत होतो आणि त्याबद्दल तुम्ही शाबासकीच दिलीत. मग शेवटच्या दिवशीच तो हात पापाचा कसा झाला?

तुमच्यासारखाच प्रश्न १९२८ साली साबरमती आश्रमात निघाला होता. एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होतं, कूस वळवली तरी त्याला वेदना व्हायच्या. गांधीजींनी आश्रमातल्या लोकांशी बोलून डॉक्टरांना बोलावलं आणि इंजेक्शन देववलं, स्वतः तिथे हजर राहून. त्यावर लोक फार संतापले, रागाची पत्रं आली. गांधीजींनी आपल्या साप्ताहिकांतून जाहीर उत्तर दिलं की, रोग्याच्या भल्यासाठी शल्यविशारद चाकू चालवतो त्याला आपण हिंसा म्हणत नाही, तसंच हे. त्यांनी केलं म्हणून मी केलं ते योग्य ठरतं, असा माझा दावा नाही. पण अहिंसेवर आयुष्य लावलेला माणूस तिथे हजर राहिला, दुसऱ्याला पाठवून मोकळा झाला नाही, हे मला त्या दिवसांत फार आठवत होतं.

आणि हा निर्णय एका रात्रीत झाला नाही. डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्यांनी आजारी जनावराचं जगणं अजून सुसह्य आहे का हे बघायची एक मोजपट्टी केली आहे: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण, बेरीज ३५ च्या वर असेल तर शेवटच्या इंजेक्शनाची घाई नको, अजून थांबता येतं. आमच्या डॉक्टरांनी ती कागदावर लिहून दिली. मला रोज गुण द्यायला जमेना, म्हणून मी कालनिर्णयच्या चौकटीत चांगल्या दिवसाला टिक आणि वाईट दिवसाला फुली करायला लागले. एप्रिल २०२४ चं पान अजून माझ्याकडे आहे. ९ तारखेला, पाडव्याला, टिक आहे. त्याने बोटावरचं श्रीखंड चाटलं, शेपटी दोनदा आपटली. त्यानंतर १४ ला एक टिक. बाकी सगळ्या फुल्या. तोंडात फोड आले होते, श्वासाला अमोनियासारखा वास होता, पाणीसुद्धा उलटून पडत होतं. २० तारखेला शनिवारी सकाळी डॉक्टर घरी आले.

तेव्हा काय होतं हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून सांगते. आधी गुंगीचं औषध देतात, पाच-दहा मिनिटांत गाढ झोप लागते. मग शिरेतून भुलीच्या औषधाचा खूप मोठा डोस, आणि थोड्याच वेळात हृदय थांबतं. डोळे मिटत नाहीत. नंतर एखादा मोठा श्वास आल्यासारखं होतं, पायाचा स्नायू हलतो. तो जिवंत आहे असं वाटून मी ओरडले होते. ते फक्त स्नायूंचं असतं, हे मला आधी माहीत असायला हवं होतं. औषध शरीरात राहतं, म्हणून पुरायचं तर खड्डा खोल हवा. वरवर पुरलं आणि दुसऱ्या जनावराने उकरून खाल्लं तर त्याच्याही जिवावर बेततं. आम्ही एका मैत्रिणीच्या शेतात मुळशीला नेलं.

‘कुत्र्यासाठी दोन दिवस रजा?’ असंही तुम्ही विचारलंत. हो, काढली. माणूस गेलं की लोक भेटायला येतात, कसं झालं विचारतात, आपण तेच दहादा सांगतो आणि सांगता सांगता थोडं हलकं होतं. कुत्रं गेलं की कुणी येत नाही. ऑफिसात मी घरी आजारपण आहे असं सांगितलं, खरं सांगायची हिंमत झाली नाही. त्या संध्याकाळी गॅस पेटवायचंही सुचलं नव्हतं. साडेसातला खालच्या आजी आल्या. त्यांना जिना चढवत नाही, तरी आल्या. हातात झाकलेला डबा. दारातच म्हणाल्या, ‘खाऊन घ्या ग.’ उघडला तर पिठलं-भात. ज्या घरात मरण झालंय तिथे शेजारचे काय पाठवतात हे तुम्हाला मी सांगायला नको. मी दिवसभरात तेव्हा पहिल्यांदा नीट रडले.

वयस्क कुत्रं प्रत्येकाने आणावं असं माझं म्हणणं नाही. आमची लिफ्ट बंद असती तर २९ किलोचा आबा मला रात्री दोनला खाली नेताच आला नसता. घरातल्या एकाचाही विरोध असेल तर आणू नये. पण तुम्ही लिहिलंत की आता या वयात पिल्लू झेपणार नाही, ते बारा-तेरा वर्षं जगेल आणि मागे कोण बघणार. त्यावरून मनात आलं ते बोलते. दहा वर्षांचं, शांत, बाहेर जायची सवय असलेलं कुत्रं तुमच्यासारख्या घराला कितीतरी बरं. तुमचा नकार त्यासाठी नाही, हे मला कळतंय.

कारण त्याच प्रतिक्रियेत तुम्ही लिहिलंय की तुमचा मोत्या एका रात्री व्हरांड्यात आपसूक गेला, सकाळी कळलं. निसर्गाने नेलं, तसंच व्हायला हवं, असं तुमचं म्हणणं. मोत्याला तसं मरण लाभलं याचा मला खरंच आनंद आहे. आबाच्या आजारात तसं क्वचितच होतं, म्हणून आमचा रस्ता वेगळा झाला. आणि शेवटच्या ओळीत तुम्ही लिहिलंय की नऊ वर्षं झाली तरी त्याचा पट्टा दारामागच्या खुंटीला आहे.

मूळ लेखात मी आज दुरुस्ती केली आहे. रक्त उशिरा तपासलं हे तिथे आता स्पष्ट लिहिलंय, तुमच्या प्रश्नामुळे.

मोत्या किती वर्षांचा होता, कुणाच्या पायाशी झोपायचा, त्याला काय आवडायचं, यातलं काहीच तुम्ही लिहिलं नाहीत. सवडीने लिहा. मला वाचायचंय.