अपमान करून घेण्यापूर्वी

कार्यालयात जातीवरून अपमान होणारच असेल, तर तो भर दुपारी, दालनाचे दार सताड उघडे ठेवून आणि चार माणसे गोळा करूनच करून घ्यावा. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील अपमानाच्या कलमाला तो लोकांच्या नजरेसमोर झालेला लागतो. साहेबांनी दार लोटून तोच शब्द उच्चारला, की तो ‘गैरसमज’ ठरतो.

साक्षीदार गृहकर्ज फिटलेलाच निवडावा.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेश पुरावा म्हणून न्यायालयात न्यायचा, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागते, तेव्हा अपमान होताना तेवढे भान ठेवावे.

तक्रार देण्याआधी मेजाचा खण रिकामा करून ठेवावा. मी ही दक्षता घेतली नाही. इंदूरच्या विजयनगरातील आमच्या खासगी कार्यालयात १४ एप्रिलला तसबिरीला हार घालण्यासाठी साहेबांनी ‘ये तो आप ही का त्योहार है’ म्हणत मला पुढे ढकलले, आणि पुढच्याच आठवड्यात माझ्या चहाचा पेला वेगळा ठेवण्याची सूचना शिपायाला दालनात बोलावून दिली, तीही माझ्यादेखत, जातीचा उल्लेख करून. मी लेखी तक्रार दिली. अकरा वर्षे ‘उत्तम’ शेरा मिळवणारा मी सहा आठवड्यांत ‘संघभावनेचा अभाव’ असलेला कर्मचारी झालो आणि पीथमपूरच्या गोदामात पोहोचलो. चौकशी समितीने (अध्यक्ष साहेबांचे साडू) मला विचारले, की बदली तक्रारीमुळेच झाली हे सिद्ध करा. फाइल त्यांच्या कपाटात, शेरा त्यांच्या हातचा, आणि सिद्ध मी करायचे! ब्रिटनमध्ये २०१० च्या समता कायद्याच्या कलम १३६ नुसार, भेदभावाचा निष्कर्ष निघू शकेल इतपत वस्तुस्थिती कर्मचाऱ्याने मांडली, की तो झाला नाही हे दाखवण्याचे ओझे मालकावर जाते. तक्रार केली म्हणून छळणे हे तर कलम २७ खाली स्वतंत्रपणे बेकायदा आहे. आपल्या घटनेचे सोळावे कलम सरकारी नोकरीपुरते, आणि माझा मालक खासगी.

पण साहेबांवर माझा तितका राग नाही. त्या दिवशी अर्धवट लोटलेल्या दाराबाहेर तुम्ही तिघे उभे होतात. दुसऱ्या दिवशी पोह्यांच्या गाडीवर माझ्या खांद्यावर हात ठेवून ‘आम्ही सगळं ऐकलं, पण आम्हाला मध्ये घेऊ नका’ असे म्हणालात, आणि माझ्या जिलबीचे पैसेही दिलेत. लाज वाटू द्या. ऐकले होते, तर तेवढीच एक ओळ कागदावर लिहून खाली सही करायला तुमचा हात कोणी धरला होता?