वस्तीची गाडी आली का, ते सांगा

चिपळुणात पुराचा विषय निघाला की गाडी २२ जुलै २०२१ वरच येते. वाशिष्ठी आणि शिव नदीनं बाजारपेठ बुडवली, बहादूरशेख नाक्याजवळचा जुना पूल खचला, कोकण रेल्वे थांबली. हे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. मला बोलायचंय ते आतल्या रस्त्यांबद्दल, आणि त्यांवरून रात्री गावात मुक्कामाला येणाऱ्या एसटीबद्दल, म्हणजे वस्तीच्या गाडीबद्दल.

महामार्गाचा पूल काही दिवसांत दुरुस्त झाला, मदतीचे टेम्पो आत आले. छानच झालं. मनावर घेतलं तर काम होतं, हे महाडला आधीच दिसलं होतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, दोन एसट्या गेल्या. पण नंतर काम सुरू झाल्यावर नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. महामार्ग होता म्हणून. ओढ्यावरच्या छोट्या पुलाला, साकवाला कोण विचारतो?

आमच्याकडे वरच्या अंगाच्या गावांत पुरानं साकव नेले, रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या मोऱ्यांचे पाइप उघडे पाडले, साइडपट्ट्या कातरल्या. वरून डांबर शाबूत, खालून भराव पोकळ. दुचाकी जाते, रिक्षाही कशीबशी जाते. एसटीचा ड्रायव्हर मात्र खाली उतरतो, कडेला पाय दाबून बघतो आणि फाट्यावरूनच गाडी वळवतो. त्याला दोष देऊ नका, मागे गाडीभर माणसं बसलेली असतात.

या गाडीवर काय काय अवलंबून असतं, ते शहरातल्या माणसाला चटकन कळत नाही. रात्री वस्तीला राहिलेली गाडी पहाटे निघते. तिच्यात लोट्याच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारे असतात, भाजीच्या टोपल्या घेतलेल्या बाया असतात, कॉलेजची पोरं असतात, डॉक्टरकडे निघालेली म्हातारी असते. ती बंद झाली की पाळी चुकते आणि रोजगार बुडतो. पुरानंतर घरात तांदूळ, चादरी, बादल्या इतक्या आल्या की ठेवायला जागा नाही, आणि घरातला कमावता माणूस फाट्यापर्यंत पायपीट करतोय! देणाऱ्यांच्या भावनेचा अनादर नाही, पण त्या पैशांत एखादी मोरी झाली असती असं राहून राहून वाटतं.

त्यात त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप लागला, तो काही महिने चालला. मग गाडी बंद ती पुरामुळे की संपामुळे, हेही कुणाला धड सांगता येईना. रस्तेवाले म्हणणार, रस्ता खुला केलाय. आगारात विचारलं तर म्हणणार, रस्ता सुरक्षित असल्याचं पत्र आणा. दोघंही आपापल्या जागी बरोबर, गाव मात्र फाट्यावर उभं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. पंचनाम्यात पडलेली भिंत आणि वाहून गेलेलं भात लिहिता, तसा बंद पडलेला एसटीचा रूटही लिहा. कोणत्या तारखेपासून बंद, कोणत्या मोरीमुळे, दुरुस्ती कोणाकडे. तो कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा आणि जोवर वस्तीची गाडी परत येत नाही तोवर काढू नका. येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय कोणीतरी मांडा. आमच्या गावात मी मांडणार आहे.