दिल्लीचा निधी दिल्लीला कसा परत करावा

गरिबांची घरं बांधायला केंद्रानं दिलेला पैसा घरं न बांधता, वर व्याज घालून परत करणं हे येरागबाळ्याचं काम नाही. आमच्या महापालिकेनं ते नुकतंच करून दाखवलं. उद्या तुम्ही नगरसेवक झालात, आयुक्त झालात, नाहीतर नुसते ठेकेदाराचे मेहुणे झालात, तर हाताशी असावी म्हणून ही कृती लिहून ठेवतो.

आधी एखादी चांगली योजना गाठा. आम्ही बीएसयूपी गाठली. डिसेंबर 2005 मध्ये जेएनएनयूआरएम, म्हणजे शहरं सुधारायचं केंद्राचं नेहरू अभियान, सुरू झालं, त्याच्या पोटातली ही शहरी गरिबांसाठीची योजना. आमच्याएवढ्या शहराला निम्मा पैसा केंद्राचा, उरलेला राज्य, पालिका आणि लाभार्थी मिळून. प्रकल्प मंजूर झाला की केंद्राच्या वाट्याचा चौथा हिस्सा यायचा. पुढचे हप्ते खर्चाचा हिशेब दिल्यावर. म्हणजे पहिल्या हप्त्याला काही दाखवावं लागायचं नाही. एवढं लक्षात राहिलं तरी निम्मं काम झालं.

जागा अशी निवडा जिच्या सातबाऱ्यावर पालिकेचं नाव नाही.

अहवालात घरांचा आकडा दणदणीत टाका. नंतर तो खाली आणता येतो. प्रत्येक वेळी सुधारित प्रस्ताव, नवी फाईल, नवी महासभा. दर वाढले तर वाढीव पैसे केंद्र देत नाही, ते पालिकेच्या बोकांडी बसतात. तेव्हा घाई कसली?

आधी इमारत की आधी झोपड्या पाडायच्या, असा प्रश्न भोळ्यांना पडतो. आधी पाडा. माणसं पत्र्याच्या संक्रमण शिबिरात घाला आणि ‘दीड वर्षाचा तर प्रश्न आहे’ असं सांगा. वर्क ऑर्डर मात्र अर्धी वस्ती जागेवर असतानाच काढा. मग जागा मोकळी मिळाली नाही म्हणून ठेकेदार भाववाढ मागतो, पालिका ती नाकारते आणि दोघं लवादाकडे जातात. इमारत चौथ्या मजल्यावर थांबवा. त्याच्या आधी थांबली तर फोटो चांगला येत नाही, पूर्ण झाली तर लोक राहायला येतात.

चुकून पूर्ण झालीच तर पाणी जोडू नका. देशभरात जुन्या योजनांची अशी लाखाहून अधिक घरं बांधून रिकामी पडली होती. 2020 मध्ये ती भाड्यानं द्यायला केंद्राला आणखी एक योजना काढावी लागली.

ठेकेदाराला दिलेला ॲडव्हान्स उपयोगिता प्रमाणपत्रात, म्हणजे केंद्राला द्यायच्या खर्चाच्या दाखल्यात, ‘खर्च’ म्हणून दाखवा.

मन खाऊ लागलं तर महालेखापरीक्षकांचा 2012 चा अहवाल उघडा. जेएनएनयूआरएममध्ये मंजूर झालेले घरबांधणी प्रकल्प 1517. मार्च 2011 अखेर पूर्ण झालेले 22. तुम्ही एकटे नाही.

आता लाभार्थी हिस्सा. घरं फुकट द्यायची नाहीत असं योजनेतच लिहिलंय. लाभार्थ्यानं किमान 12 टक्के भरायचे, मागासवर्गीय असेल तर 10. हा हिस्सा पाया खणायच्या आधी वसूल करा. आमच्या आईनं 2010 मध्ये भरला. भिशी उचलली, गळ्यातलं गहाण ठेवलं, डीडी काढला, पावती घेतली. पावती पातळ गुलाबी कागदाची. गळक्या पत्र्याखाली तिचं पुढे काय झालं ते सांगायला नको. निधी परत गेल्याची बातमी वाचून परवा मी आईचे पैसे मागायला गेलो. खिडकीवरचे साहेब म्हणाले, मूळ पावती आणा. झेरॉक्स आहे. झेरॉक्स चालत नाही. तुमच्या रजिस्टरला नोंद असेल की. रजिस्टर ऑडिटला गेलंय. मग काय करू? पाचशेच्या स्टँपपेपरवर हमीपत्र, फोटोपास म्हणजे झोपडीधारकाचं ओळखपत्र, शिबिरातल्या खोलीचं ताबापत्र, आई स्वतः हजर, आणि वडील नसतील तर वारस दाखला. आईच्या पैशाला वडिलांचा वारस दाखला कशाला? ‘प्रोसिजर आहे.’ आणि व्याज? यावर साहेब मागच्या टेबलाकडे वळून हसले.

हसून झाल्यावर म्हणाले, हे सोडा, आवास योजनेचा नवा अर्ज भरा. वाचला मी तो. गेल्या 20 वर्षांत कुठल्याही सरकारी गृहयोजनेचा लाभ घेतलेला नसावा, अशी अट आहे. आईचं नाव बीएसयूपीच्या लाभार्थी यादीत आहे. लाभ मिळाला नाही, असा दाखला लागणार. तो याच खिडकीवर मिळतो. मूळ पावती दाखवल्यावर.

दिल्लीला मात्र व्याज मिळतं. अनुदानावर बँकेत जमलेलं व्याज केंद्राच्या तिजोरीत भरायचं, असं वित्तीय नियमांत स्वच्छ लिहिलंय, आणि भरलंही जातं. एक पत्र आलं आणि लेखा विभागानं चलन भरून टाकलं. दिल्लीनं मूळ पावती दाखवली होती? दिल्लीनं फोटोपास आणला होता? कोण खिडकीवर उभं राहिलं होतं दिल्लीकडून?

आणि हे भरलं कशातून? अनुदान तर चौथ्या मजल्यावर सळया होऊन गंजतंय. तेव्हा पालिकेच्या स्वतःच्या निधीतून, म्हणजे तुमच्या मालमत्ता करातून. आमच्या शिबिरातल्या संडासांची दुरुस्ती यंदा ‘निधीअभावी’ पुढे गेली आहे.

बास झाली कृती. लाज वाटत नाही? 25 चौरस मीटरचं घर होतं ते, महाल नव्हता. आयुक्त बदलले, महापौर बदलले, निम्म्या नगरसेवकांनी पक्ष बदलले. सह्या करणारा एकही माणूस आज त्या सहीपुढे उभा राहायला तयार नाही. वर आमच्याच शहरातले सोसायटीवाले म्हणतात, झोपडपट्टीवाल्यांना सगळं फुकट पाहिजे. फुकट कोणी मागितलं होतं? पैसे भरलेत आम्ही. तुमच्या बिल्डरनं ताबा दिला नाही तर तुम्ही महारेराकडे जाता, व्याजासकट मागता, आणि बरोबर करता. आम्ही मागितलं की ते फुकटखाऊपण कसं होतं?

दिल्लीला दिलंत तसं आईलाही व्याजासकट द्या. पावती मागू नका, रजिस्टर काढा. ऑडिट विभाग त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे, जिना चढा आणि घेऊन या.