चौदावं रत्न दाखवलं की खरं बाहेर येतं म्हणे!

मामांच्या सोसायटीत दिवाळीत घरफोडी झाली. चोर सापडला नाही, पण तीन घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशींचं नाव सोसायटीच्या ग्रुपवर तेवढं सापडलं. त्यावर मामांनी (निवृत्त मुख्याध्यापक, म्हणजे त्यांनी पाठवलं की लोक वाचतात) एक फॉरवर्ड टाकला. शीर्षक, 'एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याचं परखड मनोगत'. अधिकाऱ्याचं नाव नाही, हुद्दा नाही, ठाणं नाही. म्हणणं थोडक्यात असं: चौदावं रत्न दाखवल्याशिवाय गुन्हेगार तोंड उघडत नाही. निर्दोष माणूस कितीही मारलं तरी न केलेला गुन्हा कबूल करत नाही, म्हणून मारण्यात धोका काहीच नाही. अनुभवी पोलिसाला चेहऱ्यावरून खोटं कळतं. चहा पाजून चौकशी करणं हे परदेशी चोचले. आणि मानवाधिकारवाल्यांनी कायदा असा करून ठेवलाय की कबुली देऊनही आरोपी सुटतो. खाली अंगठ्यांची रांग, आणि एका सद्गृहस्थांची सूचना: 'मावशींना दोन दिवस आत घ्या, सगळं बाहेर येईल.'

मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते. मामांना फोन केला तर 'तुम्ही वकील लोक' एवढं म्हणून ते फोन ठेवतात, म्हणून हे लिहून काढते आहे.

आधी तो निर्दोष माणसाचा मुद्दा घेते, कारण बाकीचा डोलारा त्याच्यावरच उभा आहे. ८ सप्टेंबर २०१७ रोजी गुरुग्राममधल्या एका शाळेच्या स्वच्छतागृहात सात वर्षांच्या मुलाचा खून झाला. त्याच दिवशी पोलिसांनी स्कूलबसच्या कंडक्टरला उचललं आणि गुन्हा उघडकीस आला म्हणून जाहीर केलं. कंडक्टरने कबुली दिली, तीही टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर. त्याला चौकात फाशी द्या म्हणणाऱ्यांत तेव्हा आमच्या घरातलेही काही जण होते. पुढे तपास सीबीआयकडे गेला आणि नोव्हेंबरमध्ये सीबीआयने त्याच शाळेतल्या अकरावीच्या विद्यार्थ्याला ताब्यात घेतलं. कंडक्टरविरुद्ध पुरावाच नाही, असं सांगितलं. २०१८ मध्ये न्यायालयाने त्याला दोषमुक्त केलं. सुटून घरी आल्यावर कोठडीत आपल्याला कसं मारलं, हे त्याने सांगितलं. आता या माणसाला फॉरवर्डच्या कुठल्या रकान्यात बसवायचं?

यावर ठरलेला प्रतिप्रश्न येतो, की निर्दोष असेल तर त्याला बारीकसारीक तपशील कुठून माहीत? ते प्रश्नांमधूनच कळतात. घरफोडीच्या प्रकरणात साधारण असं चालतं. 'कडी कशाने तोडली?' 'मी नाही तोडली साहेब.' दोन फटके. 'कटावणीने तोडली ना?' 'हो साहेब.' 'कटावणी कुठे टाकली, नाल्यात ना?' 'हो साहेब, नाल्यात.' कागदावर उतरतं ते असं: 'मी माझ्याजवळील लोखंडी कटावणीने दरवाजाचा कडीकोयंडा तोडून आत प्रवेश केला व सदर कटावणी नाल्यात फेकून दिली.' सातवी नापास माणूस 'सदर' म्हणाला, यात कुणालाच काही खटकत नाही. सकाळी पेपरात छापून येतं, 'पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.' हे वाक्य आपल्याकडच्या बातमीदारांना झोपेतही लिहिता येईल.

आणि हातसुद्धा लावावा लागत नाही. १९५५ साली अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या लिंकन गावी एका तरुणाच्या बायकोचा खून झाला. चौकशीला शिकागोहून खास जॉन रीड नावाचे तज्ज्ञ आणले. कित्येक तास बंद खोलीत एकच पालुपद: तूच केलंस, आम्हाला माहीत आहे, सांगून मोकळा हो. तरुणाने कबुली दिली, दुसऱ्या दिवशी फिरवली, पण जन्मठेप झाली ती झालीच. १९८८ मध्ये दुसरा एक कैदी मेला आणि त्याच्या वकिलांनी त्याचा कबुलीजबाब उघड केला. तो खून त्याने केला होता. २०१२ मध्ये नेब्रास्काने त्या नवऱ्याला, म्हातारपणी, निर्दोष ठरवून पाच लाख डॉलर दिले. मधल्या काळात रीड साहेबांची पद्धत त्यांच्याच नावाने अमेरिकाभर शिकवली जात होती. डीएनए चाचणीमुळे निर्दोष ठरलेल्या पहिल्या पावणेचारशे अमेरिकन कैद्यांपैकी सुमारे २९ टक्के प्रकरणांत खोटी कबुली होती. डीएनएने सुटलेली माणसं, मामा. वकिलाच्या युक्तिवादाने सुटलेली नव्हेत.

माणूस असं का करतो? कारण फाशी दूर असते आणि पट्टा समोर असतो. आज हो म्हटलं की हे थांबेल, उद्या न्यायाधीशसाहेबांना खरं सांगू, असा तो हिशेब असतो. निर्दोष माणूस तर हा हिशेब जास्तच विश्वासाने करतो, कारण त्याला वाटतं की आपण काही केलेलंच नाही, तर खरं कधीतरी कळणारच.

शिवाय कबुली आली की तपास थांबतो. सीडीआर (मोबाइलच्या कॉलची नोंद) कोण मागवणार, ठसे कोण जुळवणार? माणूस 'मिळालेला' असतो. चोर सोडून संन्याशाला फाशी आपण नुसती म्हणीत वापरतो, पण नाशिकच्या प्रकरणात ती अक्षरशः घडायची राहिली. २००३ साली एका शेतातल्या झोपडीवर दरोडा पडला, पाच खून झाले. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडलं गेलं, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच ठोठावली. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. कारण वाचून मी फाइल मिटून बसले होते. वाचलेल्या साक्षीदार बाईने गुन्ह्यानंतर लगेच पोलिसांच्या अल्बममधले चार फोटो ओळखले होते. ते चौघे या सहा जणांपैकी नव्हतेच, आणि त्यांच्यामागे कुणी गेलंच नाही. इथे कबुलीचा प्रश्न नव्हता हे मान्य, पण रोग तोच आहे: आधी माणूस ठरवायचा, मग खटला शिवायचा. न्यायालयाने राज्य सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला लावले. सोळा वर्षांचे. एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. भटके, पारधी, कचरा वेचणारे, धुणीभांडी करणाऱ्या: 'आत घ्या' म्हटलं की आत कोण जातं हे मी रिमांडच्या वेळी रोज बघते. सोसायटीचे सेक्रेटरी मी त्या पिंजऱ्यात अजून पाहिलेले नाहीत.

चेहऱ्यावरून खोटं कळतं, यावर फार वेळ घालवत नाही. २००६ साली बाँड आणि डीपाउलो या मानसशास्त्रज्ञांनी चोवीस हजारांहून जास्त लोकांवर झालेले प्रयोग एकत्र केले. खरं-खोटं ओळखण्याची अचूकता आली ५४ टक्के. नाणं उडवलं तर ५०. नजर चुकवणं, घाम, अडखळणं ही भीतीची लक्षणं आहेत, आणि पोलीस ठाण्यात मीसुद्धा अडखळते.

आता ते परदेशी चोचले. आरडाओरडा, धमक्या, दडपण हे सगळं इंग्लंडमध्येही होतं. बर्मिंगहॅमच्या बॉम्बस्फोट खटल्यातले सहा जण कबुलीजबाबांवर आत गेले आणि सोळा वर्षांनी, १९९१ मध्ये, निर्दोष सुटले. अशा प्रकरणांनी नाक कापलं गेल्यावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या पोलिसांनी 'पीस' नावाची पद्धत आणली: आधी तयारी, मग ओळख आणि चौकशी कशासाठी हे सांगणं, मग संशयिताकडून पूर्ण हकिगत घेणं आणि तिच्यातल्या विसंगतींवर बोट ठेवणं, मग समारोप, शेवटी झालेल्या चौकशीचं मूल्यमापन. हे सगळं टेपवर. यात चहा असला तर असतो, पण मुद्दा चहाचा नाही.

मुद्दा पुराव्याचा आहे. समजा, संशयित म्हणतो, त्या रात्री मी कराडला होतो. तुमच्याकडे त्याच्या गाडीची टोलनाक्यावरची नोंद आहे, रात्री एक वाजता, पुण्याच्या बाजूला. खाक्यावाला साहेब ती नोंद पहिल्याच मिनिटाला तोंडावर फेकतो आणि कानाखाली देतो. मग संशयित म्हणतो, हां साहेब, गाडी मित्राला दिली होती. तयार उत्तर, आणि तुमचा हुकमाचा पत्ता गेला. तयारीचा साहेब ती नोंद फाइलमध्येच ठेवतो. गाडी कुणाकडे होती? किल्ली कुठे असते? त्या आठवड्यात दुसऱ्या कुणी चालवली? झोपलास किती वाजता? पळवाटा एकेक करून तो संशयिताच्याच तोंडून बंद करून घेतो, आणि मग नोंद समोर ठेवतो. आता तो खरं बोलो की खोटं, रेकॉर्डवर काहीतरी उपयोगाचं आलेलं असतं. आणि गाडी खरंच मित्राकडे होती, तर निर्दोष माणूस ते न विचारता आधीच सांगून टाकतो. स्वीडनमधल्या प्रशिक्षणार्थी पोलिसांवर २००६ साली हा प्रयोग झाला. पुरावा असा वापरायला शिकलेल्यांनी खरं-खोटं सुमारे ८५ टक्के वेळा बरोबर ओळखलं, न शिकलेल्यांनी ५६.

आणि ज्यांना एकच संदर्भ वाचायचा आहे त्यांनी मानसशास्त्रज्ञ मीसनर आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा आढावा वाचावा. दबावाची आणि माहिती काढण्याची, अशा दोन्ही पद्धतींवरचे तोवरचे अभ्यास त्यांनी एकत्र तपासले. प्रयोगांत माहिती काढणाऱ्या पद्धतीने खऱ्या कबुल्या जास्त मिळाल्या आणि खोट्या कमी. फॉरवर्डवाल्यांना नेमकं हेच पचत नाही. 'गुन्हेगार बोलतच नाही' ही सबबही त्यात निकालात निघते: दोषी माणूस बोलतो, आणि बोलला नाही तरी त्याची खोटी हकिगत पुराव्यापुढे टिकत नाही.

एक गोष्ट मान्य करते, नाइलाजाने. मारल्यावर कधीकधी मुद्देमाल मिळतो. कोठडीतली कबुली पुराव्यात चालत नसली तरी तिच्यामुळे एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो, ही जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम २७ ची फट. सगळी मारहाण त्या फटीकडे धावते. पण ती फट भरायलाही लोक शिकलेत. निवेदन पंचनाम्यावर (आरोपी 'वस्तू काढून देतो' म्हणाला, त्याची नोंद) तेच ते दोन पंच सह्या करतात आणि कोर्टात फितूर होतात. आरोपीला घेऊन पथक एखाद्या सराफाच्या दुकानात जातं आणि 'याने इथेच विकलं' म्हणून सराफाकडून सोनं घेतं. सराफही खटल्याला घाबरून देऊन टाकतो. ते सोनं चोरीचंच होतं का, हे सराफालाही माहीत नसतं. आणि हेही खरं की एका तपास अधिकाऱ्यावर चाळीस गुन्हे, बंदोबस्त, व्हीआयपी दौरा, त्यात फॉरेन्सिकचा अहवाल महिनोन् महिने येत नाही. अशात पट्टा स्वस्त पडतो. पण स्वस्त पडतो म्हणजे चालतो असं नव्हे.

राहिलं मानवाधिकारवाल्यांचं. पोलिसांपुढची कबुली ग्राह्य नाही, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात ब्रिटिशांनी घातला. ते काही आपल्यावर फार माया करत नव्हते. १८५५ मध्ये मद्रास इलाख्यातल्या छळाची चौकशी त्यांच्याच आयोगाने केली होती, त्यामुळे आपलं पोलीस दल कबुली कशी काढतं हे त्यांना ठाऊक होतं. आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो नियम कलम २३ मध्ये आहे. मकोकासारख्या (संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या) कायद्यात वरिष्ठ अधिकाऱ्यासमोरची कबुली चालते, आणि त्याचं काय झालं तेही बघा. २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांत १८० हून अधिक माणसं मेली. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने बाराही आरोपींना सोडताना ते कबुलीजबाब नाकारले. काही भाग एकमेकांशी जुळणारे, उतरवल्यासारखे होते, आणि छळाचं म्हणणं न्यायालयाने ग्राह्य धरलं. हा निकाल दाखला म्हणून वापरू नये असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे, अपील तिथे आहे. तिथे काहीही ठरो, मेलेल्यांच्या घरच्यांना एकोणीस वर्षांनंतरही उत्तर मिळालेलं नाही. कबुलीवर खटला उभा करून त्यांच्यावर कुणी उपकार केले?

डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासकट सीसीटीव्ही लावायला आणि फुटेज शक्यतो अठरा महिने, निदान वर्षभर तरी जपायला सांगितलं. मार खाल्लेल्या अशिलासाठी मी ते फुटेज मागते तेव्हा उत्तर येतं की त्या दिवशी यंत्रणा बंद होती. फॉरवर्ड म्हणतो तसं मारण्यात धोका काहीच नसेल, तर नेमकी त्याच दिवशी ती बंद का पडते, हे त्या अनामिक निवृत्त अधिकाऱ्यांनी एकदा परखडपणे सांगावं.