“मंडळीत परत घेतलंच कसं?” या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, जय ख्रिस्त. माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, खरं सांगतो पहिल्यांदा राग आला म्हणून लगेच उत्तर दिलं नाही. तुम्ही म्हणता, दारूत परत पडलेल्या माणसाला आम्ही सहा महिन्यात मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पुन्हा ढोलकीवर बसवून पाप स्वस्त केलं, बायबलमध्ये प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला अशाला घालवून द्या असं साफ लिहिलंय, आणि हे पाहून मंडळीतले पोट्टे काय शिकतील.

सहा नाही, 14 महिने. त्या काळात काय झालं ते मी लेखात नीट लिहिलंच नव्हतं, ती चूक माझी.

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात 2015 ला दारूबंदी लागली, 2021 ला उठली. मोहाची बंदीतही मिळायची म्हणा, पण मग फाट्यावर दुकान आलं आणि रोजचा रस्ता तोच. हा भाऊ त्याआधी नऊ वर्षं थेंबाला शिवला नव्हता. सबब म्हणून सांगत नाही, त्यानंही कधी सांगितली नाही. प्यायला लागला, बायकोशी खोटं बोलला, आणि पोराच्या फीच्या नावानं मंडळीतल्या तिघांकडून पैसे घेऊन तेही उडवले. पाळकसाहेब आणि मी घरी गेलो तर मागच्या दारानं निघून गेला. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या वाडीत, बसून होता, मान वर करेना, म्हणे, “मले आता प्रार्थनेत यावाले तोंड नाही साहेब.”

आता पौलाचं. गलतीकरांस पत्राच्या 6 व्या अध्यायात पहिल्याच वचनात तो म्हणतो की अपराधात सापडलेल्याला सौम्यतेनं ताळ्यावर आणा. तिथं मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे तेच मार्क 1:19 मध्ये आहे, याकोब आणि योहान मचव्यात बसून जाळी नीट करत होते तिथं. आमच्या गावच्या मालगुजारी तलावावर ढिवर लोक जाळं सांधताना मी लहानपणापासून बघतो. जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवून बसतात, आणि फाटकं दिसलं की लगेच गाठ मारत नाहीत, आधी कुजलेला दोरा कापून भोक आणखी मोठं करतात, मग चांगल्या दोऱ्यापासून एकेक गाठ घेत येतात. करिंथकरांस पहिल्या पत्रातलं तुमचं वचन मला तसं कापणं वाटतं. पण त्याच मंडळीला दुसऱ्या पत्रात, दुसऱ्या अध्यायात तो लिहितो की झाली तेवढी शिक्षा पुरे, आता क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. माणूस तोच की दुसरा यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण मंडळी तीच आणि लिहिणाराही तोच. अर्धं वचन घेऊन माणसाला बाहेर उभं ठेवणं मला जमत नाही भाऊ.

कापणं आम्हीही केलं. प्रभुभोजन (उपासनेतला भाकर-द्राक्षरसाचा विधी) बंद, ढोलकी बंद. त्यानं त्या तिघांच्या दारात जाऊन कबूल केलं, धान विकल्यावर पैसे फेडले, एकाचे दोन हप्त्यात. दर गुरुवारी संध्याकाळी कोणी ना कोणी त्याच्या घरी जायचं, एकदा तो प्यालेला असतानाही गेलो, त्या दिवशी नुसतं बसून आलो. आणि ढोलकी परत द्यायची का हे पहिले त्याच्या बायकोला विचारलं. ती तीनदा नाही म्हणाली, आम्ही तीनदा थांबलो.

तुमचं एक म्हणणं मला पटतं. परत घेतला म्हणजे सगळंच हातात द्यायचं असं नाही. अर्पणाची पेटी त्याच्याकडे दिलेली नाही आणि इतक्यात देणारही नाही, हे त्यालाही माहीत आहे. आणि कोणी लेकरावर किंवा बाईवर हात टाकला असता तर आम्ही पहिले पोलीस ठाण्यात गेलो असतो, तिथं मंडळीतल्या मंडळीत मिटवणं हेच पाप आहे.

राहिला पोट्ट्यांचा प्रश्न, ज्यानं तुम्हाला खरी काळजी वाटते हे कळतं. तो ढोलकीवर बसला त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात आमच्या तरुण संघातला एक पोरगा माझ्याकडे आला, दारातच उभा, चप्पलही काढेना. म्हणे काका, मी दिवाळीपासून पितो, घरी माहीत नाही. मी त्याला घेऊन त्याच भावाच्या घरी गेलो. त्यानं पोराला पाणी दिलं, मला म्हणाला, “तुमी जा आता, मी बोलतो याच्याशी.” दोघं रात्री दहापर्यंत सांदवाडीत बसून होते.