स्वप्नातलं प्राग हिवाळ्यातही शाबूत कसं ठेवावं

प्रागला जायचंच असेल तर डिसेंबरात जा. उन्हाळ्यात काय, कोणीही जातं. शिवाय तुमच्या मोबाइलच्या पडद्यावर इतकी वर्षं जे प्राग आहे, त्यात चार्ल्स पुलावर बर्फ आहे, दिवे पिवळे आहेत आणि माणूस औषधालाही नाही. व्हिसासाठी तुम्ही बँकेची स्टेटमेंटं दिलीत, ऑफिसातून रजेचं पत्र आणलंत, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा काढलात. एवढं सगळं केल्यावर त्या चित्रासारखं दिसणं ही आता शहराची जबाबदारी आहे. तुम्ही फक्त ते चित्र मळू द्यायचं नाही.

त्यामुळे विमानतळावरून मेट्रोपर्यंत जाताना बसच्या खिडकीतून बाहेर पाहू नका. बाहेर पार्किंग असतं, गोदामं असतात, जाहिरातींचे फलक असतात आणि या सगळ्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच राखाडी रंग असतो. बर्फाचं म्हणाल तर तो पडेलच असं नाही. पारा शून्याच्या आसपास घुटमळतो आणि जे पडतं ते ना धड पाऊस, ना धड बर्फ. त्याचा फोटो येत नाही, बूट तेवढे भिजतात.

पैसे बदलायचे तर जुन्या शहराच्या चौकाजवळच, जिथे पाटीवर सगळ्यात मोठ्या अक्षरात ‘शून्य टक्के कमिशन’ लिहिलेलं असतं तिथे. दर विचारणं असभ्यपणाचं दिसतं. या दुकानांची कीर्ती एवढी, की २०१९ मध्ये तिथल्या सरकारला कायदा करावा लागला : १,००० युरोंपर्यंतचा व्यवहार असेल तर तीन तासांच्या आत पावती दाखवून पैसे परत मागता येतात. तुम्ही पावती तिथेच कचरापेटीत टाका. आणि रस्त्यात एखादा सद्‌गृहस्थ आपण होऊन चांगला दर देऊ लागला तर अवश्य घ्या. हातात पडलेल्या नोटा चेक कोरुना नसून हंगेरीच्या फोरिंट निघाल्या, तर प्रवासात एक देश वाढला असं समजा.

ट्राममध्ये चढताना पाठीवरची सॅक काढू नका. ती पंधरा किलोंची आहे आणि तुम्ही वळलात की मागच्या आजीबाईंच्या टोपीला लागते, पण त्याशिवाय तुम्ही बॅकपॅकर आहात हे त्यांना कळणार कसं? कागदी तिकीट घेतलं असेल तर त्यावर शिक्का मारायचं छोटं पिवळं यंत्र दाराजवळ असतं. त्याकडे दुर्लक्ष करा. तिकीट काढलंय ना, मग झालं! साध्या कपड्यातला तपासनीस खिशातून बिल्ला काढेल तेव्हा आपण पाहुणे आहोत हे हसून सांगावं. तो हसणार नाही. मनालीला घेतलेली कानटोपी, दोन स्वेटर आणि त्यावर कोट घालून त्या गरम डब्यात उभं राहिलं की आपोआप घाम फुटतो, तेव्हा पश्चात्तापाचा अभिनयही वेगळा करावा लागत नाही.

चौकातल्या खगोलीय घड्याळासमोर तासाच्या आधी पाच मिनिटं जाऊन उभे राहा आणि फोन डोक्याच्या वर धरा. हे घड्याळ १४१० सालचं. ठोके पडायची वेळ झाली की सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो, दोन छोट्या खिडक्यांमागून येशूचे बारा प्रेषित एकेक करून सरकतात, कोंबडा आरवतो आणि गर्दीतून ‘एवढंच?’ असा सूर निरनिराळ्या भाषांत उमटतो. तोही रेकॉर्ड करा. प्रेषितांच्या मूळ मूर्ती मे १९४५ मध्ये, युद्ध संपता संपता लागलेल्या आगीत गेल्या, आताच्या १९४८ मध्ये बसवलेल्या लाकडी आहेत, ही माहिती स्टोरीत टाकू नका. मध्ययुग पातळ होतं. त्याच घड्याळाच्या सर्वांत बाहेरच्या काळ्या कड्यावर सोनेरी आकडे आहेत. ते कडं जुनी बोहेमियन, म्हणजे इथली चेक वेळ दाखवतं. त्या हिशेबात सूर्य मावळला की २४ वाजले, दिवस संपला. आता डिसेंबरात सूर्य दुपारी चारच्या सुमाराला मावळतो. म्हणजे तुम्ही हॉस्टेलमध्ये अकराला उठून, आवरून, बाराला बाहेर पडलात की तुमच्या स्वप्नातल्या शहराला तुमच्यासाठी चार तास आहेत. पण ते कडं पाहायला थांबायचं नाही, कारण कोंबडा आरवून झालेला असतो आणि शेजारी त्रदेलनीकची रांग लागलेली असते.

त्रदेलनीक म्हणजे दांडीवर पीठ गुंडाळून, निखाऱ्यावर भाजून, साखर लावलेली नळी. पाटीवर ‘जुनी बोहेमियन परंपरा’ असं लिहिलेलं असेल, ते प्रमाण माना. हा पदार्थ स्लोवाकियातल्या स्कालित्सा गावाच्या नावाने ओळखला जातो, प्रागच्या चौकात तो अलीकडे आला, वगैरे सांगणाऱ्या स्थानिक माणसाजवळ उभंही राहू नये. शून्य अंशात त्या नळीत आइस्क्रीम भरून घ्यायचं, हातमोजे काढून फोटो घ्यायचा, आणि थंडीने फोनची बॅटरी चाळीस टक्क्यांवरून थेट बंद पडली की मग खायचं.

चार्ल्स पूल राहिला. सूर्य आठच्या सुमाराला उगवतो, तेव्हा पहाटेचा रिकामा पूल पाहायला साडेसातला उठलं तरी पुरे. म्हणूनच जाऊ नका. इतक्या सहज मिळालेल्या गोष्टीला किंमत नसते. दुपारी दोनला जा. यान नेपोमुकचा पुतळा शोधायला कष्ट नाहीत, तिथे रांग असते. या पाद्र्याला १३९३ मध्ये राजाच्या हुकमावरून नदीत फेकलं. खालच्या काशाच्या पट्टीला हात लावला की पुन्हा प्रागला यायला मिळतं म्हणतात. तिथला एक कुत्रा लोकांनी घासून घासून असा पिवळाधमक केलाय, की बिचाऱ्या नेपोमुककडे कोणाचं लक्षच जात नाही. तुम्हीही कुत्राच घासा.

काफ्का वाचला नसला तरी बिघडत नाही, त्याच्या चित्राचा कॉफीचा मग मिळतो. विमा कचेरीत नोकरी करून रात्री लिहिणारा हा माणूस जिवंतपणी फारसा कोणाला माहीत नव्हता. ती कसर आता शहराने भरून काढलीय. स्टीलच्या ४२ थरांचं त्याचं फिरतं डोकं एका मॉलच्या मागे आहे. तिथे सेल्फी घ्या, खरेदीही होते.

वेन्सेस्लास चौकात मात्र पायाखाली पाहू नका. वरच्या टोकाला, राष्ट्रीय संग्रहालयासमोर, फरसबंदी जमिनीतून काहीतरी वर येत असल्यासारखी फुगलेली आहे आणि तिच्यावर काशाचा एक क्रॉस आडवा पडलाय. जानेवारी १९६९ मध्ये यान पालाख या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने इथे स्वतःला पेटवून घेतलं. देश दाबायला रशियन रणगाडे येऊन पाच महिने झाले होते आणि लोक हळूहळू गप्प बसायला शिकत होते. जानेवारीत लोक तिथे मेणबत्त्या लावतात. क्रॉस जमिनीलगत असल्यामुळे तुम्ही आणि तो एका चौकटीत बसत नाही. सोडून द्या.

नाताळ जवळ आला असेल तर आणखी एक धोका आहे. २० डिसेंबरच्या सुमाराला रस्त्याच्या कोपऱ्यांवर पाण्याने भरलेली मोठमोठी प्लास्टिकची पिंपं येतात आणि त्यांत जिवंत कार्प मासे वळवळत असतात, आपल्या रोहूचेच भाऊबंद. रबरी एप्रन घातलेला माणूस जाळीने मासा काढतो, वजन करतो, डोक्यात एक टोला हाणतो, साफ करून कागदात बांधतो. रांगेतली बाई एखादं खवलं मागून घेते. पाकिटात ठेवलं की वर्षभर पैसा टिकतो म्हणे. कोणी मासा जिवंतच घरी नेतो आणि दोन दिवस बाथटबमध्ये ठेवतो. मग आंघोळ कुठे करतात, हा प्रश्न मनात आला रे आला की तिथून निघा. असल्या प्रश्नांच्या मागे लागलात तर मेट्रोच्या सी लाइनवर शेवटच्या हाये स्टेशनपर्यंत जाल, तिथल्या समाजवादी काळातल्या सिमेंटच्या इमारती पाहाल, गॅलरीत वाळत घातलेले कपडे पाहाल, आणि प्रागमध्ये माणसं राहतात असा ग्रह होऊन बसेल.

शाकाहारी असाल तर तळलेलं चीज आहे. दुसऱ्या दिवशीही तळलेलं चीज आहे. तिसऱ्या दिवशी हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात मेतकूट-भाताबरोबर मिरचीची फोडणी द्या, धुराचा अलार्म वाजेल आणि सगळं हॉस्टेल रात्री थंडीत खाली उभं राहील. इतर देशांच्या प्रवाशांशी ओळखी अशाच होतात.

परत आल्यावर फोटो पाहून काकू विचारतीलच, ‘युरोपला एवढे गेलात आणि स्वित्झर्लंड नाही केलंत?’ वाद घालू नका, पुढच्या डिसेंबरात करतोय म्हणून ठोकून द्या. त्यांच्या ओळखीच्या टूरवाल्याचा नंबर मिनिटभरात येईल. त्यांच्याकडे दोन्ही वेळ पोळी-भाजी असते.