आरपार दिसतो म्हणून साखरपाणी?

मामींनी परवा तो फॉरवर्ड पाठवला: 'सफरचंदाचा आरपार दिसणारा रस म्हणजे रंगवलेलं साखरपाणी. खरा रस गढूळच असतो. त्यात एन्झाइम नावाचं केमिकल घालतात, प्लास्टिकच्या जाळीतून गाळून सत्त्व काढतात, म्हणून तो वर्षभर टिकतो.' खाली मामींचा प्रश्न, "तू रसाच्या कारखान्यात होतास ना, खरं का रे हे?"

मामी, ताजा रस गढूळ असतो हे खरं. तुमची पेरूची जेली ज्या पेक्टिनमुळे थरथरते, तेच पेक्टिन इथे गराचे कण तरंगत ठेवतं. कणाच्या आत धन भाराचं प्रथिन, वर ऋण भाराच्या पेक्टिनचं वेष्टण. बाहेरून सगळेच ऋण, म्हणून एकमेकांना दूर ढकलतात आणि खाली बसत नाहीत. पेक्टिनेझ हे एन्झाइम वेष्टण कुरतडतं, आतलं प्रथिन उघडं पडतं, कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. ५० अंशांच्या आसपास तास-दोन तास लागतात. मग आम्ही परीक्षानळीत एक भाग रसाला दोन भाग आम्ल घातलेलं अल्कोहोल मिसळून नळी हळूच उलटी करायचो. जेलीसारखा गोळा दिसला म्हणजे पेक्टिन शिल्लक, टाकी अजून थांबवायची. हंगामाच्या सुरुवातीची कच्ची फळं असली तर आयोडीनचा थेंबही टाकायचो. निळं झालं तर स्टार्च शिल्लक, मग स्टार्च तोडणारं एन्झाइम, अमायलेझ.

केमिकल म्हणाल तर फळ पिकताना मऊ पडतं त्यातही अशाच एन्झाइमांचा हात असतो. कारखान्यातलं अस्परजिलस नायजर या बुरशीपासून काढतात, आणि पुढे रस तापवला की ते निकामी होतं. रंगाचं तर सोपं आहे. सफरचंद कापून ताटलीत ठेवा, अर्ध्या तासात कळेल.

जाळी म्हणजे अतिबारीक छिद्रांचा पडदा, कधी प्लास्टिकचा, कधी सिरॅमिकचा. छिद्रं मायक्रॉनच्या दहाव्या भागाहून लहान. साखर आणि सफरचंदाला आंबटपणा देणारं मॅलिक आम्ल त्यातून आरामात जातात. गराचे कण, यीस्ट अडकतात. पूर्वी रस निवळायला सर्रास जिलेटिन घालत, म्हणजे जनावराची हाडं-कातडी. पडद्यामुळे त्याची गरज बरीच कमी झाली, हे एकादशीला रस पिणाऱ्यांना कुणी सांगत नाही.

टिकतो तो मात्र गाळल्यामुळे नाही, तापवून हवाबंद भरल्यामुळे. उलट उरलेली पॉलिफिनॉलं, म्हणजे फळातली तुरट द्रव्यं, आणि प्रथिनं जुळली तर आरपार रस बाटलीत पुन्हा धुरकट होतो.

सत्त्वाबद्दल फॉरवर्ड थोडा बरोबर आहे: गढूळ रसात पॉलिफिनॉलं आणि तंतू जास्त राहतात. साखर दोन्हीत सारखीच, १०० मिलीत १० ग्रॅमच्या आसपास.

आणि ज्याची खरी धास्ती घ्यावी ते त्या फॉरवर्डमध्ये नाहीच. कुजक्या सफरचंदातलं पॅट्युलिन हे बुरशीचं विष इतकं लहान असतं की पडद्यातून सरळ पार होतं. रसात त्याची मर्यादा किलोमागे ५० मायक्रोग्रॅम. म्हणून डागी फळं चिरडण्याआधी, पट्ट्यावरच वेचून काढावी लागतात.